स्नेहलचं पासबुक

१३ जून, शुक्रवार
सकाळी पेण. स्नेहलचं खातं उघडलं. सोमवारपासून ती रोह्याच्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागते, प्रयोगशाळेत. विद्यावेतन बँकेतच जमा होणार, रोख देत नाहीत. मी म्हटलं होतं, आपल्या पोस्टात काढू, फॉर्म मीच भरतो. कंपनीने सांगितलं, अमुक बँकच पाहिजे. बावीस वर्षं टपालाची पिशवी माझ्या खांद्यावर आणि मुलीचं पहिलं खातं दुसऱ्याच्या दारात. असो.

काउंटरवरच्या बाई कागद बघून बोलल्या, "अठरा पूर्ण हायत. सही हिचीच लागंल." मी पेनचं टोपण काढून बसलो होतो. परत लावलं. स्ने.ने सही केली. दोन दिवस वहीच्या मागच्या पानावर गिरवत होती तीच, खाली एक रेघ ओढलेली. वारस म्हणून आईचं नाव लिहिलं. मला विचारलं नाही. बरं केलं.

बाहेर आल्यावर पासबुक माझ्याच हातात दिलं. "तुमच्याकडं ठेवा बाबा. मला मोबाइलवर सगळं दिसतं."

घरी देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं. कव्हरवर डाग पडला म्हणून कुरकुरली.

१५ जून, रविवार
स्ने. रोह्याला गेली. राहणार रोह्याजवळ वरशाला, माझ्या ताईकडे. ताईच्या घरीही माळ, त्यामुळे खाण्यापिण्याची काळजी नाही. आमच्या गडबमध्ये तुळशीची माळ घालणारी घरं मोजकीच. आजूबाजूला मासळी शिजते तेव्हा सौ. मागचं दार लावून घेते. स्ने.ने माळ अकराव्या वर्षी हट्टाने घातली. माळ घालणाऱ्या बुवांनी विचारलं होतं, झेपेल का गो? म्हणाली, बाबांना झेपते ना.

निघताना सौ.ने ताईला फोनवर दहा सूचना दिल्या. ताई म्हणाली, "अगो सुनंदा, मी काय पोरीला उपाशी ठेवणार हाय का? रोज डबा देईन. तू रड आणि मोकळी हो."

घर शांत. जपाला बसलो, लक्ष लागलं नाही.

११ जुलै, शुक्रवार
पेणला टपालाच्या कामाने जाणं झालं. पासबुक सोबत घेतलं होतं. पहिलं विद्यावेतन जमा झालं का ते छापून बघावं, एवढाच हेतू. यंत्रात पान सरकवलं, कर्रकर्र आवाज करत पान बाहेर आलं. जमा दिसली. मुलीच्या नावापुढे कंपनीचं नाव. तिथल्या तिथे हात जोडले. मागचा माणूस म्हणाला, "काका, झालं असंल तर सरका."

मी अठरा वर्षांचा असताना मजुरी थेट वडिलांच्या हातात जायची. मला कधी वाईटही वाटलं नाही. वाईट वाटायचं असतं हेच माहीत नव्हतं.

एसटीत बसून बाकीच्या ओळी वाचल्या. मोबाइलवरून कुणाला पैसे दिले त्याचं नावही छापून येतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं. रिचार्ज. रिक्षा. मेडिकल. आणि एक नाव पुन्हा पुन्हा. रोशन. सहा वेळा.

रकमा लहान. शंभराच्या आसपास.

१३ जुलै, रविवार
स्ने.चा फोन. बरी आहे. कामात काचेची नळी फुटली, साहेब ओरडले नाहीत. मी विचारणार होतो. विचारलं नाही.

सौ.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "रोशन? मुलगा का?"
"नाव तर मुलाचंच."
"मुलगा असता तर त्यानं दिले असते. ही कशाला देईल?"
हे मला सुचलं नव्हतं. पण तिनेही मग देठं ठेवून पानं टाकली.

१६ जुलै, बुधवार
आज गावात सात पत्रं, त्यातली चार बँकांची. पूर्वी पोस्टकार्डं यायची. पोस्टकार्ड उघडंच असतं. नजर जायची, पण गेली की वळवायची, हे मला आमच्या जुन्या पोस्टमास्तरांनी शिकवलं. "वाचून दाखव म्हणालं तर मोठ्यानं वाच. नाय म्हणालं तर तू आंधळा." वरच्या आळीतल्या एका म्हातारीच्या मुलाचं लग्न मोडल्याचं मला तिच्याआधी कळलं होतं, वाचायचं टाळूनही. तिला कार्ड दिलं आणि सायकल पुढे काढली. आज ते आठवलं.

मी मात्र मुलीचं उघडून वाचतो आहे. रोज देवापुढून उचलून.

२१ जुलै, सोमवार
पुन्हा पेण. काम नव्हतं. लावणीसाठी दोन गडी बघायचे असं घरी सांगून गेलो. गडी गडबमध्येही मिळतात, हे सौ.ला माहीत आहे.

आणखी तीन वेळा रोशन. घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारखा लावल्या. बुधवार. शुक्रवार. बुधवार. शुक्रवार. एकही सोमवार नाही, गुरुवार नाही. एका शुक्रवारी नाही. कॅलेंडरवर त्या दिवशी खूण बघितली तर एकादशी... नाही, ते चूक. एकादशी रविवारी होती. त्या शुक्रवारी ती घरी आली होती, तापाने.

वारावारी भेटणारा हा कोण? क्लास असेल. शिवण, टायपिंग. देवा, क्लासच असू दे.

११ ऑगस्ट, सोमवार
तीन आठवडे स्वतःला आवरलं. आज परत छापलं.

तेवीस जुलैच्या बुधवारी रोशन, दोनशे ऐंशी. त्यानंतर एकही नाही. ना बुधवार, ना शुक्रवार. जसं कुणी नळ बंद केला.

मला वाटलं, भांडण झालं. किंवा बरंवाईट. सौ.समोर पान ठेवलं. तिने कॅलेंडर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. थांबेचना.

"अहो, श्रावण लागला पंचवीसला. त्याच्या आधीचा बुधवार. पोरीनं गटारी केली!"

मी बसलोच. बुधवार, शुक्रवार. सगळा रायगड जिल्हा ज्या दिवशी मासळी खातो ते वार. बावीस वर्षं दर बुधवारी वास घेत दारोदार टपाल वाटतो मी, आणि मला कळलं नाही.

"मग ताईचा डबा कोण खातं?" सौ. म्हणाली, आणि परत हसली.

मी रागावलो. म्हणालो, हसण्यासारखं काय आहे, गळ्यात माळ आहे तिच्या. तशी तिने भांडी घासायला घेतली. पाठमोरीच म्हणाली, "माझं माहेर खाडीवरचं. आमच्याकडं चुलीवर कालवण नसलं तर बाप ताटावर बसायचा नाय. लग्न झालं, तुमच्या आईनं दुसऱ्या दिवशी माळ पुढं केली. मी घातली. मला कोणी विचारलं नव्हतं, झेपंल का म्हणून."

बावीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मी बाहेर जाऊन गाईला पाणी दाखवलं. तिला तहान नव्हती.

१४ ऑगस्ट, गुरुवार
टपालाला बदली माणूस देऊन रोह्याला गेलो. ताईला काकड्या आणि पडवळ द्यायचं निमित्त. ताईकडे आधी गेलो नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, एमआयडीसीच्या रस्त्याला रोशन नावाचं काही आहे का? म्हणाला, "रोशन खानावळ? बसा. पण काका, तुमच्या गळ्यात माळ हाय."

मी म्हटलं, श्रावण आहे.
"हां, मग चालंल."

कंपनीच्या फाटकासमोरच. पत्र्याची शेड, सहा टेबलं. फळ्यावर खडूने "श्रावण: शाकाहारी थाळी". अकरा वाजले होते, जेवणाची सुट्टी व्हायला वेळ होता, म्हणून बसलो. रोशन म्हणजे चाळिशीचा, पोट सुटलेला, खांद्यावर टॉवेल. एवढ्या माणसासाठी मी महिनाभर झोपलो नव्हतो.

"बसा माउली. आज सगळं तुमच्याच पद्धतीचं हाय. वालाची उसळ, भात, लोणचं."

जेवलो. वाल चांगले झाले होते. त्याला विचारलं, कंपनीतल्या मुली येतात का?

"येतात तर. चार जणींचा घोळका हाय. त्यातली एक तुमच्यासारखीच माळकरी. घरून डबा आणते, तो मैत्रिणींना देते आणि स्वतः बोंबलाची थाळी मागवते. आधी हात धुते, माळ काढते, रुमालात गुंडाळते, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते. जेवून झाल्यावर चूळ भरते, परत हात धुते, मग घालते. बाकीच्या पोरी चिडवतात, 'देवाला झोपवलंस का गो?' ती आपली करतेच. मी बोललो, बाय, कशाला एवढा खटाटोप? बोलली, तिच्यासमोर नाय खायचं."

"कुणासमोर?"
"माळेसमोर म्हणत असंल. मी काय खोदून विचारलं नाय."

रोख पैसे दिले. फोनवरून दिले असते तर माझ्याही पासबुकात हेच नाव छापून आलं असतं. बारा वाजायच्या आत निघालो. ताईकडे भाजी देऊन परतीची गाडी धरली. ताई म्हणाली, "पोरीला भेटून तरी जा की रे." म्हटलं, कामावर आहे, कशाला त्रास.

रात्री विचार करत होतो. माळ उतरली की पुन्हा घालताना बुवांना विचारायचं, ही रीत. ही आठवड्यातून दोनदा काढते, दोनदा घालते, कुणाला विचारत नाही. हे पाप म्हणावं की भक्ती? लबाडी करणारा इतके हात धुणार नाही. पण लपवलं, हेही खरं. आणि मी लपून बघितलं, हेही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
उद्या गणपती. स्ने. आली. कंपनीच्या डब्यातला बुंदीचा लाडू सगळ्यांना वाटला. दिसायला जरा भरली आहे. सौ. म्हणाली, रोह्याचं पाणी मानवलं. माझ्याकडे बघून म्हणाली.

संध्याकाळी मखर बांधत होतो. स्ने. म्हणाली, कंपनीला पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स पाहिजे, कुठंय? मी दोरी धरून स्टुलावर उभा. खाली उतरेपर्यंत तिने देव्हाऱ्याच्या खालचा खण उघडला होता. पहिलं पान बघितलं. मग सहज दुसरं उलटलं.

छापलेलं परत कोरं करता येत नाही.

"हे कोणी छापून आणलं?"
"मी."
"तीन वेळा?"
"व्हय."
ती खाली बसून ओळीवर बोट फिरवत वाचू लागली. कान लाल झाले तेव्हा कळलं, कुठं पोचली ते.
"नावं पण येतात?"
"येतात."
"तुमाला काय वाटलं? रोशन कोण?"
"आधी मुलगा वाटला."
हसली. अगदी आईसारखी. मग एकदम थांबली. "आधी म्हणजे? नंतर काय वाटलं?"

खोटं बोलता आलं असतं. स्टुलावर चढून दोरी बांधता आली असती. म्हणालो, "वार जुळवले."

तिने पासबुक मिटलं. मग, हळू, "माळ घालून नाय खात मी. काढून ठेवते."
"माहीत हाय."
"कसं माहीत?"

इथे मी फसलो. म्हणजे इथेच खरं बोललो. तिचं तोंड बघवलं नाही. "तुमी तिथंपण गेलात? माझ्या कंपनीसमोर? बाबा, गावात सांगतात, तुमी कधी कोणाचं पत्र वाचलं नाय. आमच्या शाळेत बाईंनी तुमचं उदाहरण दिलं होतं."
"चुकलं माझं."
"विचारायचं होतं ना."
"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"
"नाय." मग थोड्या वेळाने, "पण विचारायचं होतं."

सौ. दारात उभी होती. हातात तांदळाच्या पिठाचं ताट. ती कुणाच्याच बाजूने बोलली नाही. "मोदकाची उकड गार होतेय. कोण येतंय वळायला?" स्ने. उठून गेली. मी मखर एकट्याने पुरं केलं, एका बाजूला कललं आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार
दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं. आरतीला स्ने. माझ्या शेजारीच होती. टाळ वाजवले. बोलणं कामापुरतं. "तेल संपलं." "निरांजन कुठंय." माळ गळ्यात होती. मी बघू नये म्हणून प्रयत्न केला, बघितलीच.

बुवा आरतीला आले होते. "पोर कमावती झाली, पण माळ सांभाळून हाय. कौतुक हाय." मी मान हलवली. स्ने. पान आणायला आत गेली. दोघांनीही सत्य सांगितलं नाही. त्यात तिचा वाटा कमी, माझा जास्त. मी बाप आहे आणि बुवांसमोर बसून मान हलवली.

पासबुक ती घेऊन गेली. देव्हाऱ्याखालचा खण रिकामा. तिथे मी कापसाच्या वाती ठेवल्या.

१४ सप्टेंबर, रविवार
दोन आठवडे तिचा फोन आईलाच. आज मला केला.

"बाबा, एक विचारू?"
"विचार."
"माळ आणून देवापुढं ठेवू का? कायमची. बुवांना काय सांगायचं ते तुमी सांगा."
मला वाटलं होतं असं काही येईल. उत्तरही ठरवलं होतं. "तुझं तू ठरव."
"म्हणजे रागावलात."
"नाय गो."
"मग सांगा ना काहीतरी. तू ठरव म्हणजे काय, लोक चिडले की असंच बोलतात."
"मासे सोडता येत नायत?"
"येतात. श्रावणात नाय का सोडले. पण का सोडायचे ते अकराव्या वर्षी मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक पाहिजे ना?"

मी का सोडले? कधी धरलेच नव्हते. वडिलांच्या घरात नव्हते म्हणून नव्हते. मला कधी काही सोडावंच लागलं नाही, आणि पंचवीस वर्षं मी स्वतःला संयमी समजतो. हे तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. म्हणालो, "माळ लगेच उतरवू नको. आणि रुमालात चांगली गुंडाळ, मणी तुटतात."
ती म्हणाली, "हे काय उत्तर झालं?"
नव्हतंच.

२१ सप्टेंबर, रविवार
बुवांकडे गेलो. मनात होतं, सगळं सांगायचं. त्यांच्या पडवीत दोघे बसलेले. अर्धा तास भातावर पडलेल्या तुडतुड्या किडीवर बोललो. परत आलो.

सौ.ला म्हटलं, सांगणं जमलं नाही. ती म्हणाली, "बुवांना का सांगायचं? बुवांचं खातं हाय का ते?"

मग मी विचारलं. बावीस वर्षं उशिरा. "तुला जड गेलं का? माळ?"
ती चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून बघत होती. "पहिली पाच वर्षं. पावसाळ्यात जास्त. मग विसरली." थोड्या वेळाने, "विसरली असं वाटायचं. तुमी ते पान दाखवलं त्या दिवशी मी हसली का, ठाऊक हाय? मला बोंबलाचा वास आला. इथं, घरात."

८ ऑक्टोबर, बुधवार
दसरा होऊन गेला. पाऊस गेल्यासारखा. भाताची लोंबी पोटरीतून बाहेर.

सौ.ने काल रात्री जाहीर केलं, उद्या रोह्याला जाते, पोरीला बघून चार महिने झाले. मी म्हटलं, गणपतीत तर आली होती. "ती तिच्या घरी आली होती. तिकडं कशी राहते ते मी बघितलं नाय." मी म्हटलं, रविवारी जाऊ, दोघं. तर म्हणे, नको, उद्याच. पोरीला दुपारच्या सुट्टीत भेटायचं ठरलंय.

सकाळी लवकर उठली. जपाला माझ्या शेजारी बसली, नेहमीसारखी. मग चांगलं लुगडं नेसली, पिशवीत तिळाचे लाडू घेतले. डबा घेतला नाही. मी टपालाची पिशवी घेऊन हायवेपर्यंत सोबत गेलो. बुधवार आहे हे आम्हा दोघांनाही माहीत. नाक्यावर कोळणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यासमोरूनच थांब्यावर गेलो.

न विचारताही राहता आलं असतं. पण विचारलं. "दुपारी जेवायला कुठं जाणार तुमी दोघी?"

तिने पदर सारखा केला. रस्त्याकडे बघत म्हणाली, "गेल्यावर बघू."

नागोठण्यावरून रोह्याला जाणारी एसटी उशिरा आली. तोवर आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. गाडीत चढताना वळली आणि म्हणाली, "संध्याकाळचा भात तुमी लावा. मला परत यायला वेळ होईल."